वादसभेतून लोकसेवेकडे : मुंबईच्या पहिल्या विद्यार्थी सभेची कहाणी

शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्व मंडळे असतात, वर्षाकाठी दोन-चार वादविवाद झडतात, विजेत्यांना ढाल मिळते आणि परीक्षा जवळ आल्या की सारे शांत होते. अशा मंडळाकडून याहून अधिक अपेक्षा आपण सहसा करीत नाही. परंतु मुंबईत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या एका विद्यार्थी सभेचा इतिहास वाचू लागलो की ही अपेक्षा किती तोकडी आहे हे आपल्या ध्यानात येते. त्या सभेची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मुंबईचा निरोप घेतला, तेव्हा नागरिकांनी त्यांच्या नावे निधी उभारला. त्यातून पुढे जी विद्यासंस्था आकाराला आली, ती एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. म्हणजे त्याआधीच या संस्थेत तरुणांची एक पिढी इतिहास, गणित आणि पाश्चात्त्य शास्त्रे शिकून तयार झाली होती. शिकलेले पचवायचे कसे आणि इतरांपर्यंत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न या पिढीपुढे होता.

१८४८ साली प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर साधकबाधक चर्चा करावी, अशी पद्धत होती. धर्म आणि राजकारण हे विषय मात्र वर्ज्य ठरविण्यात आले. पारशी, हिंदू आणि युरोपियन माणसे एका छपराखाली बसून बोलणार, तर ठिणगी पडेल असे विषय दूर ठेवावेत, हा त्यामागचा शहाणपणा असावा. इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी याच सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले.

येथवर ही हकिकत कोणत्याही मंडळाची वाटेल. वेगळेपण दिसले ते १८४९ साली. गुजराती शाखेत एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या. पण सभासद तेवढ्यावर थांबले नाहीत. मुलींसाठी शाळा काढावयाच्या आणि त्यांत आपणच विनावेतन शिकवावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. मुलींच्या शाळा मुंबईला सर्वस्वी अपरिचित नव्हत्या. अमेरिकन मिशनने १८२४ सालीच तशी शाळा उघडली होती, आणि पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली शाळा सुरू केली होती. तरीही मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतून मुलीला शाळेत धाडणे हे आक्रीतच होते.

या तरुणांत तेवीस-चोवीस वर्षांचे दादाभाई नौरोजी होते. ते आणि त्यांचे सोबती घरोघर फिरले. ओटीवर बसून मुलींना शिकवू द्या, अशी विनवणी त्यांनी केली. काही ठिकाणी जिन्यावरून ढकलून देण्याच्या धमक्याही ऐकल्या. अखेर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली मिळाल्या. सकाळी मुलींना शिकवावे आणि मग आपल्या कामाला जावे, असा या शिक्षकांचा क्रम होता. पुढे पारशी मुलींच्या शाळांना कामा कुटुंबाने आधार दिला. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी शाळेसाठी जागा दिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही या कार्याची धुरा वाहिली.

दादाभाईंच्या या धडपडीमागे एक जाणीव होती. चौथ्या वर्षी ते पितृहीन झाले. आई माणेकबाईंनी त्यांना कष्टाने वाढविले. शाळेत शिक्षण विनाशुल्क मिळाले नसते तर आपण शिकलोच नसतो, आणि ते ज्या लोकांच्या पैशावर मिळाले त्यांचे ऋण फेडलेच पाहिजे, असे ते मानीत.

या पिढीच्या विचारांत अर्थशास्त्राचा धागाही आरंभापासून होता. दादोबांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ सालीच ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून, इंग्रजी राज्यात देशाचे धन कसे बाहेर जाते हे परखडपणे मांडले होते. १८४९ साली लोकहितवादींचा ‘लक्ष्मीज्ञान’ हा अर्थशास्त्रावरील मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दादाभाई १८५५ साली व्यापारानिमित्त लंडनला गेले. सभा भरवावी, निबंध वाचावा आणि आक्षेपांना पुराव्याने उत्तर द्यावे, ही मुंबईची सवय तेथे त्यांच्या कामी आली. १८६६ साली त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. पिकांचे उत्पन्न, बाजारभाव आणि लोकसंख्या यांचे प्रांतवार आकडे सरकारी अहवालांतूनच वेचून, हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये पडते, असा हिशेब त्यांनी मांडला. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करते, हेही त्यांनी सरकारच्याच आकड्यांनिशी दाखवून दिले. राजकारण वर्ज्य असलेल्या सभेत घडलेला हा तरुण १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेला.

त्यांच्या हिशेबातील तपशिलांवर अभ्यासकांनी पुढे वाद घातले, आणि ते योग्यच झाले. वादाला पुराव्याची बैठक असावी, हीच तर त्या सभेची शिकवण होती.

आज आपल्या गावोगावच्या शाळांतून मुले धीटपणे बोलतात, याचे कौतुक आपण अवश्य करावे. परंतु महागाईवर बोलणाऱ्या मुलाने आधी बाजारात जाऊन भाव टिपून आणावेत, आणि शिक्षणावर बोलणाऱ्या मुलीने शेजारच्या वस्तीतील शाळा सुटलेल्या एखाद्या मुलाला तास-दोन तास शिकवावे, असे वळण आपण त्यांना लावतो काय? १८४९ सालच्या त्या तरुणांजवळ द्रव्य नव्हते, अधिकार नव्हता, वयही नव्हते. सभेत जे पटले ते दुसऱ्या दिवशी सकाळी करावयास निघणे, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.