दिवा किती वेळ पुरेल?

बाजारात हातबॅटरी घ्यायला गेले, की खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा उजेडाचा असतो. दहा हजार ल्युमेन, पन्नास हजार ल्युमेन असे आकडे सर्रास छापलेले दिसतात. दुकानदार बटण दाबून समोरच्या भिंतीवर झोत पाडतो, आपले डोळे दिपतात आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी मात्र निराळाच प्रश्न विचारतो, "रात्रभर पुरेल का?"

प्रश्न साधा आहे, पण शास्त्रीयदृष्ट्या अगदी नेमका आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तोच प्रश्न कोळशाच्या खाणींत विचारला गेला होता. तेथे त्याच्या उत्तरावर माणसांचे डोळे आणि प्राण अवलंबून होते. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा हातातला दिवा कसा निवडावा, हे त्या इतिहासातून चांगले शिकता येते.

आधी एक खुलासा. बोलताना आपण दिव्यालाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या घटालाही. घोटाळा नको म्हणून येथे दिव्याला 'विजेरी' व घटाला 'सेल' म्हणू.

जाळीतली ज्योत

२५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपत असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले, की उघड्या ज्योतीने स्फोट होतो. १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. धातूची जाळी ज्योतीची उष्णता झटकन शोषून पसरवते, त्यामुळे बाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. शिवाय वायू वाढला, की ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागते. म्हणजे हा दिवा वायूची सूचनाही देई.

पण जाळीने उजेड अडवला. खाणकामगार पाळीभर मिणमिणत्या प्रकाशात काम करीत. त्यांच्यापैकी अनेकांना बुबुळे सतत थरथरण्याचा विकार जडे. नजर एका जागी ठरत नसे, दिवे गरगर फिरताना दिसत, चक्कर येई. अपुरा उजेड हे याचे मुख्य कारण असावे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर मांडू लागले होते. तेव्हा ज्योत नसलेला आणि तरीही अधिक उजेड देणारा दिवा हवा होता. तो विजेचाच असू शकत होता.

चमक आणि पाळी

हातात धरायच्या विजेरीचे एक महत्त्वाचे पेटंट डेव्हिड मिझेल यांना १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत मिळाले. कागदी नळीत कोरडे सेल, पुढे बल्ब व परावर्तक अशी तिची रचना होती. पण ती सलग फार वेळ जळत नसे. सेल लवकर दमत, म्हणून बटण क्षणभर दाबायचे आणि सोडायचे. इंग्रजीत तिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे चमकणारा दिवा, हे नाव पडले ते यातूनच.

खाणीत असल्या चमकीचा उपयोग नव्हता. तेथे पूर्ण पाळीभर उजेड हवा आणि उद्याही तोच दिवा हवा. कोरड्या सेलमध्ये जस्ताचे भांडेच झिजत जाते. उलटा प्रवाह सोडून ते पूर्ववत करता येत नाही, म्हणून तो सेल फेकावा लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या शिशाच्या सेलची गोष्ट वेगळी आहे. वीज देताना त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि ते पट्ट्यांनाच चिकटून राहते. उलटा प्रवाह सोडला, की एका पट्टीवर पुन्हा शिसे आणि दुसरीवर शिशाचा ऑक्साइड तयार होतो. उत्पादन जागेवर राहणे आणि अभिक्रिया उलटवता येणे, ही चार्जिंगची किल्ली आहे. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनेर यांनी निकेल-कॅडमियम सेल तयार केला, तोही याच तत्त्वावर.

१९११ मध्ये ब्रिटनमध्ये खाणीसाठी उत्तम विद्युत दिव्याला एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. नाव गुप्त ठेवणाऱ्या एका खाणमालकाने ही रक्कम दिली होती. स्पर्धेत १९५ दिवे आले. १९१२ मध्ये पहिला ठरला तो 'सीआग' नावाचा जर्मन हातदिवा. तेलाच्या दिव्याच्या दुप्पट उजेड तो देई आणि एका चार्जवर १६ तास जळे.

हे दोन आकडे नीट पाहा. उजेड वाढला तो फक्त दुपटीने. परंतु वेळ मिळाला तो पाळीहून कितीतरी अधिक. उशीर झाला, छत कोसळून वाट अडली, तरी दिवा जळत राहिला पाहिजे. 'किती उजेड' आणि 'किती वेळ' हे प्रश्न येथे एकत्रच विचारले गेले होते. थोड्याच काळात अमेरिकेत एडिसनच्या कारखान्याने सेल कमरेला व दिवा टोपीला लावण्याची सोय केली आणि कामगाराचे दोन्ही हात मोकळे झाले. पाळी संपली, की दिवे लॅम्प रूममध्ये जमा करायचे. तेथे ते तपासून चार्ज होत आणि पुढच्या पाळीला दिले जात. चंद्रपूर-वणी भागातल्या भूमिगत कोळसा खाणींतील कामगारही टोपीदिवा लावूनच खाली उतरतात.

विजेने सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. विजेच्या घंटेच्या तारांतील ठिणगीने वायू पेटला असावा, असा संशय होता. बल्ब फुटला तर तापलेली तारही धोक्याची. म्हणून काच फुटताच विद्युतमंडल तुटेल अशी स्प्रिंग दिव्यांत बसवली जाऊ लागली. शिवाय विजेचा दिवा वायूची सूचना देत नाही. त्यामुळे तपासणीसाठी ज्योतीचा दिवा पुढेही अनेक वर्षे वापरात राहिला.

खोक्यावरचा हिशोब

त्यानंतर दोन मोठे बदल झाले. १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आला. १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सिद्ध केला आणि त्यावर पिवळे प्रकाश देणारे स्फुरद्रव्य लावून पांढरा एलईडी झाला. निळ्या एलईडीला २०१४ चे आणि लिथियम-आयन सेलला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेरीतला जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे सुमारे १० ल्युमेन प्रकाश देई, तर चांगला पांढरा एलईडी सुमारे १०० देतो.

आता हिशोब करू. विजेरीत बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल असतो. चांगल्या सेलची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ३ अँपिअर-तास धरू. व्होल्टता ३.६.

३ × ३.६ = १०.८ वॅट-तास

एका वॅटमागे १०० ल्युमेन धरले, तर हाती सुमारे १००० ल्युमेन-तास आले. ते १००० ल्युमेनने एक तास वापरा किंवा १०० ल्युमेनने दहा तास. दहा हजार ल्युमेनसाठी १०० वॅट लागतील. सेलने ते कसेबसे दिले तरी तो सहा-सात मिनिटांत संपेल आणि विजेरी हातात धरवणार नाही. या मापाच्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले असेल, तर तो आकडा खोटा आहे. पेन्सिल सेलच्या आकाराचा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा व सुमारे २ अँपिअर-तासाचा, म्हणजे २.४ वॅट-तासांचा असतो. चार सेल मिळून जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते.

खोक्यावरचे तासही पारखून घ्यावेत. विजेरी मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ 'चालण्याचा वेळ' धरतात. पाच तास लिहिले असले, तरी पूर्ण उजेड काही मिनिटेच मिळालेला असू शकतो.

हे वर्गात तपासता येते. कागदावर तेलाचा एक डाग पाडा. एका बाजूला घरच्या विजेवरचा छोटा बल्ब ठरावीक अंतरावर ठेवा. दुसऱ्या बाजूला काचेवर पातळ पांढरा कागद चिकटवलेली विजेरी ठेवा. विजेरी मागेपुढे करा. डाग दिसेनासा झाला, की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. दर पंधरा मिनिटांनी विजेरीचे अंतर नोंदवा. अंतर निम्मे झाले, तर उजेड पावपट झाला. मुलांनी काढलेला आलेख खोक्यापेक्षा खरे बोलेल.

राहिली सेलची गोष्ट. सेल बदलता येणारी विजेरी घ्यावी. सेल कायमचा आत बंद असेल, तर तो गेला की सगळी विजेरी कचऱ्यात जाते. शिशाचा सेल रिकामा ठेवला की त्यावरचे सल्फेट घट्ट होते, म्हणून तो चार्ज करूनच ठेवावा. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला लिथियम सेल चार्ज करू नये.

दुकानात उभे राहिल्यावर खाणीतला प्रश्न आठवावा. आपली पाळी किती तासांची आहे? शेतावर सहा, घरातली वीज गेल्यावर दोन, गडावर मुक्कामाला दोन रात्री. हा आकडा आधी ठरवावा. मग तेवढ्या वेळात भागेल असा उजेड निवडावा, आणि भिंतीवरचा झोत सर्वांत शेवटी पाहावा.