पाणीतापक, घरगुती : ताप-नियंत्रण (कोल्हापूर)

न्हाणीसाठी लागणारे पाणी हव्या त्या वेळी, हवे तितके गरम करून देणारी व्यवस्था. थंड देशांत घरातला बॉयलर खोल्याही तापवतो; तिथल्या नियंत्रकाला बाहेरची हवा, खोलीतली ऊब आणि माणसांची ये-जा यांवर लक्ष ठेवावे लागते. कोल्हापूर सु. 570 मी. उंचीवर असले तरी इथल्या हिवाळ्यात घर तापवावे लागत नाही. नियंत्रकाचे काम आंघोळीच्या पाण्यापुरते उरते आणि त्यावरच त्याची निवड ठरते.

बंब : तांब्याचे किंवा पितळेचे उभे पिंप, मधून आरपार धुराडे, तळाला जाळी, जाळीखाली राखेची जागा, बाजूला तोटी. जळण धुराड्यातून वरून टाकतात : शेणी, ढलप्या, करवंट्या, शेताजवळच्या घरांत चिपाडेही. धुराड्याभोवती सगळीकडून पाणी असल्याने वर जाणारी धग पाण्यात उतरते. चुलीवरच्या हंड्यापेक्षा बंबाला जळण कमी लागते ते यामुळे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध. पत्र्यावर हातोडीने एकसारख्या खुणा उमटवण्याच्या तिथल्या कामाला मठारकाम म्हणतात. ते शोभेचे दिसले तरी ठोकण्याने तांबे कडक होते आणि पातळ पत्राही टिकतो.

बंबात थर्मोस्टॅट नाही, नियंत्रण मात्र आहे. राखेचे तोंड मोकळे केले की हवा ओढली जाऊन जाळ धरतो; राख साचू दिली की निखारा मंद राहतो. कढत पाणी बादलीत घेऊन त्यात विसण घालतात, म्हणजे तापमानाचा शेवटचा निर्णय हाताने होतो. जेवढे पाणी काढले तेवढे लगेच ओतायचे, हा कडक नियम; कोरड्या बंबाखाली जाळ राहिला तर झाळ सुटते. बंबाचे तोंड बंद नसल्याने आत दाब साठत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही त्याची सर्वांत महत्त्वाची बाजू होय.

विजेचा साठवण गीझर : ही बंद टाकी असल्याने बंबाला आपोआप लाभलेली सुरक्षितता इथे यंत्राने द्यावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात : पाणी तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो बिघडल्यास वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह. भारतीय मानक आयएस 2082. स्मार्ट नियंत्रक यांच्या जोडीला येतो, यांपैकी एकाचीही जागा घेऊ शकत नाही.

25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास 2 किलोवॉटच्या कॉइलला सु. 35 मिनिटे आणि सव्वा युनिटच्या आत वीज लागते. त्यात तेवढेच विसण घातले की 40 अंशांचे 50 लिटर पाणी मिळते. एवढ्यात दोन-तीन आंघोळी होणाऱ्या घरात आंघोळीआधी पाऊण तास गीझर लावणारा साधा टायमर पुरतो. माणसे वेगवेगळ्या वेळी न्हाणारी असतील, पाळ्या बदलत असतील, तर मोबाइलवरून चालणाऱ्या नियंत्रकाचा खरा उपयोग होतो. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा याबद्दल मतभेद आहेत : 50 च्या आसपास वीज व भाजण्याचा धोका कमी, 60 ला टाकीत जिवाणू वाढत नाहीत.

स्मार्ट प्लग : 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेतो, 3 किलोवॉटचा 13. म्हणून प्लग 16 अँपिअरचाच घ्यावा. वीज जाऊन परत आल्यावर तो ‘बंद’ स्थितीत यावा आणि वाय-फाय नसतानाही वेळापत्रक पाळावे. खरेदीआधी या दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. टीओडी (वेळेनुसार दर आकारण्यासाठीचा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील विजेवर महावितरणची सवलत आहे, पण बहुतेक घरांच्या आंघोळी त्याआधीच उरकलेल्या असतात.

सौर तापक : राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत सौर पाणीतापकाची तरतूद आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ढगाळ, त्यामुळे टाकीत पूरक कॉइल लागते. तिचा टायमर पहाटेचा ठेवावा. दुपारी लावल्यास टाकी विजेनेच तापते आणि उन्हाला काम उरत नाही. ऊन घेणारी पट्टी दक्षिणेकडे तोंड करून बसवतात.

गॅस गीझर : आयएस 15558. साठा नसल्याने वेळापत्रकाची गरज नाही. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू ओढवू शकतो. हा वायू वासाने कळत नाही. उपकरण न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावे.

क्षार : नदीच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्याने कॉइलवर जास्त थर बसतो; थर्मोस्टॅटची नोंदही त्यामुळे चुकू शकते.