पहिली रायफल

नववीत आपल्याला एन.सी.सी.च्या फायरिंगला नेलं होतं, ते किती जणांना आठवतं? पंचवीस मीटरवर टार्गेट, पॉइंट टू-टू रायफल आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच गोळ्या. माझ्या तीन कागदावर चार दिशांना, दोन गायब. मागून कुणीतरी म्हणालं, "पोट्टीले नाही जमत हे." नाव सांगत नाही, तोही ही स्मरणिका वाचेल. पण मी ते तीस वर्षं खरं धरलं.

गेल्या वर्षी लेकीला नेमबाजी शिकायची होती, म्हणून "पहिली रायफल कोणती घ्यावी" हे शोधू लागले. सवयीने आधी तक्ता केला: किंमत, वजन, पल्ला. मग लक्षात आलं, की आपल्याकडे हा प्रश्न फार जुना नाहीच. एन.सी.सी. १९४८ ची, मुलींचा विभाग १९४९ चा. साध्या घरातल्या मुलीला रायफल निवडायची नसायची. हाती येईल ती तिची. अंजली भागवतही एन.सी.सी.तूनच आल्या. पुढे २००० साली सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी आणि २००३ मध्ये मिलानला वर्ल्ड कप फायनलचं सुवर्ण.

निवड आली ती एअर रायफलमुळे. १९८४ मध्ये ती ऑलिम्पिकमध्ये शिरली. काडतूस नाही, दहा मीटरची खोली पुरते. मर्यादित ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला आपल्याकडे परवानाही लागत नाही; पॉइंट टू-टूला लागतो. जवळचं म्हणजे सोपं, असं मात्र समजू नका. तिथला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. पन्नास मीटरवर तो १०.४ मिलिमीटर, पण मधे वारा असतो. लांबचा नेम शिकायचा तरी हात आधी दहा मीटरवर बसवतात, तो यासाठी.

पन्नास मीटरवर कोल्हापूरने कमाल केली. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं. तेव्हा ते मध्य रेल्वेत टी.सी. होते. जंक्शनच्या गावात वाढलेल्या आपण टी.सी.ला पाहून डबा बदलणारे! त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

तर तक्ता घेऊन लेकीसोबत रेंजवर गेले. प्रशिक्षकांनी तो बाजूला ठेवला. लेकीला म्हणाले, दोन्ही हात लांब कर, पंजे जोडून मधे छोटी फट ठेव, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसतं, तो तुझा नेमाचा डोळा. रायफल त्या बाजूची. मग बट खांद्याला किती लांब पडतो ते बघायचं, गाल सहज टेकतो का ते बघायचं. किंमत नंतर.

मी मागे उभी होते. गंमत म्हणून मीही करून पाहिलं. माझा डावा निघाला. नववीत मी उजव्या खांद्याला, उजव्या डोळ्याने, माझ्या हातापेक्षा लांब बटाची रायफल धरून पाच गोळ्या झाडल्या होत्या.

रायफल अजून घेतलेली नाही. लेक क्लबचीच वापरते, तिचा बट कमीजास्त होतो. शनिवारी तिच्यानंतर अर्धा तास माझा असतो, डाव्या खांद्यावर.