पाडव्याच्या आदल्या रात्रीचा सॉक-सेव्हन

आज १७ मार्च १९९९, बुधवार. उद्या पाडवा. मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात वसाहतीच्या फाटकावर शिपाई तुमच्या पिशवीत हात घालून फ्लॉपी शोधतोय. आत जाताना तो एवढंच करतो. बाहेर पडताना जास्त कसून बघेल, कारण इथे अर्धी गर्दी हिऱ्यामोत्यांच्या कारखान्यांची आहे आणि त्यांना लावलेली शिस्त तुम्हालाही लागू आहे. त्यांच्या खिशातून खडा जाऊ नये, तुमच्या खिशातून प्रोग्रॅम.

वरच्या मजल्यावर एसी इतका थंड की मार्च महिन्यात निम्म्या मुली शाल पांघरून बसल्या आहेत. टेबलावर पीसी, त्यावर विंडोज ९५, आणि त्यात उघडलेली एक काळी खिडकी. हिरवी अक्षरं, चोवीस ओळी, ऐंशी रकाने. खरं मशीन इथे नाहीच, ते कनेक्टिकटमधल्या एका विमा कंपनीत आहे. तुम्ही एंटर मारता. तुमची अक्षरं उपग्रहापर्यंत ३६,००० किलोमीटर वर चढतात, तेवढीच खाली उतरतात, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. नुसत्या प्रवासालाच अर्धा सेकंद, वर ६४ केबीपीएसची लाइन सगळ्या मजल्याने वाटून घेतलेली. तोवर पडद्याच्या तळाशी एक फुली उभी राहते आणि कीबोर्ड कुलूपबंद. किती वेळ? कधी डोळे मिटून उघडेपर्यंत, कधी कटिंग येऊन संपेपर्यंत.

तुमची बोटं सवयीने कंट्रोल-झेडकडे जातात. इथे ते नाही. मग एरर सर्चमध्ये टाकावासा वाटतो. मजल्यावर इंटरनेटचं एकच मशीन आहे, मॅनेजरच्या केबिनबाहेर, आणि ते वहीत नाव लिहून वापरायचं असतं. अडलं तर आयबीएमची मॅन्युअलं आहेत, उशीएवढी जाड. नाहीतर शेजारच्या खुर्चीवरची मुलगी आहे. तिला प्रोग्रॅम पडला की येणारे सगळे ॲबेंड कोड तोंडपाठ आहेत, त्यामुळे तिच्या टेबलापाशी कायम कुणीतरी उभं असतं.

तुमचा टेस्ट जॉब पडला आहे. कोड एस-झीरो-सी-सेव्हन. इथे सगळे त्याला ‘सॉक-सेव्हन’ म्हणतात.

“सॉक-सेव्हन आहे? मग डंप बघ ना,” ती मान न वळवता सांगते. “चाळीस-चाळीस दिसतंय का?”

तुम्ही डंप, म्हणजे जॉब पडला त्या क्षणीची मेमरी, उघडता. पानंच्या पानं हेक्साडेसिमल. पत्ता धरून ऑफसेट मोजता, कंपायलरच्या लिस्टिंगमध्ये ती ओळ शोधता, पुन्हा डंपमध्ये येता. आणि आहेच: ४०४०४०४०. या मशीनच्या लिपीत चाळीस म्हणजे रिकामी जागा. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख जिथे पॅक केलेल्या आकड्यांत असायला हवी, तिथे कुणीतरी नुसते स्पेस भरून ठेवलेत. प्रोग्रॅम त्या मोकळ्या जागेत एक मिळवायला गेला आणि तोंडावर आपटला.

का भरले? प्रोग्रॅमच्या डोक्यावर तारांकित ओळी आहेत. १५ मार्च १९७४, ‘बदल केला’, आणि पुढे तीन आद्याक्षरं. काय बदललं, कशासाठी, काही नाही. फील्डचं नाव तर ‘टेम्प-टू’. टीमचं काम आहे कोडमधल्या सगळ्या तारखा हुडकून काढणं, कारण त्यांत वर्षाचे दोनच आकडे आहेत आणि २००० आलं की ‘००’चं १९०० होईल. ज्याच्या नावात ‘डेट’ किंवा ‘इयर’ आहे ते टूल बिचारं शोधतं. ‘टेम्प-टू’मध्ये तारीख आहे हे त्याला कोण सांगणार? तुम्ही त्या तीन आद्याक्षरांना शुद्ध मराठीत शिव्या घालता. आजूबाजूला कुणी दचकत नाही.

पण त्या माणसाच्या टेबलावर काय होतं, तेही बघा. कोबोलची ओळ आजही ७२व्या रकान्यात संपते आणि पहिले सहा रकाने अनुक्रमांकासाठी राखलेले असतात. हे पंचकार्डाचे नियम. ८० रकान्यांचं कार्ड आयबीएमने १९२८मध्ये काढलं, आणि तुमच्या हिरव्या खिडकीची रुंदीही तीच आहे. एका ग्राहकाचं नाव, पत्ता, पॉलिसी नंबर, हप्ता, सगळं ऐंशी भोकांच्या ओळींत बसवायचं तर प्रत्येक तारखेतला ‘१९’ ही चैन होती. मेमरीही तशीच महाग. दोन आकडे गाळणारा माणूस आळशी नव्हता, काटकसरी होता, आणि त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली असणार. बॉब बेमर या संगणकतज्ज्ञाने १९७१मध्येच लेख लिहून यातला धोका सांगितला होता. तेव्हा २००० साल एकोणतीस वर्षं लांब होतं आणि सोमवारची डेडलाइन तीन दिवसांवर. ऐकणार कोण?

दोन आकड्यांहून वैताग आणतात ते ‘९९’ला दिलेले खास अर्थ. टेपवर मुदत संपण्याची तारीख ९९३६५ टाकली, तर तिचा अर्थ ‘ही टेप कधीच पुसू नका’. शब्दशः वाचली तर ती १९९९ सालच्या ३६५व्या दिवसाची तारीख आहे. ‘कधीच नाही’ येत्या ३१ डिसेंबरला उजाडणार आहे.

गेल्या आठवड्यात टीमने टेस्ट मशीनचं घड्याळ पुढे करून जानेवारी २००० आणून पाहिलं. प्रोग्रॅमची परीक्षा राहिली बाजूला. सगळ्यांचे पासवर्ड मुदतबाह्य झाले, दोन टूलांची लायसन्सं संपली आणि लॉगिन करायलाही कुणी उरलं नाही.

रात्री साडेनऊला कॉल. कनेक्टिकटात सकाळचे अकरा. काळ्या स्पीकरफोनभोवती सहा जण कान देऊन बसतात. तिकडून निर्णय येतो: जन्मतारखा चार आकडी करा, बाकी सगळीकडे विंडो लावा. म्हणजे ५०पेक्षा लहान आकडा दिसला की २००० धरायचं, ५० आणि पुढे १९००. जन्मतारखेला हे चालत नाही. १९३२ साली जन्मलेल्या आजी २०३२ साली जन्मतात आणि त्यांचा हप्ता उणे येतो. बाकीच्यांना चालतं, आणि स्वस्तही पडतं. फाइलची रचना बदलायला नको, ती वाचणारे शेकडो प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला नकोत.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुम्हाला राहवत नाही. “आणि २०५० आलं की?”

फोन म्यूट करून टीम लीड हसतो. “तोवर हा कोड असेल का रे? आणि असला तर आपण असू का?” मग त्याला उद्याचा दिवस आठवतो. “या लोकांनी शके वापरायला हवं होतं. उद्या १९२१ लागतंय. अजून ७९ वर्षं निवांत झोपले असते.”

सगळे हसतात. तुम्ही विंडोचं लॉजिक टाकता. वर तारांकित ओळ: तारीख, ‘बदल केला’, आद्याक्षरं. दोन ओळी जास्त लिहायला हरकत नव्हती, पण सकाळी गुढी उभारायची आहे आणि कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवतेय.

वर्षाचा उरलेला भाग भराभर जातो. कुणाला अमेरिकेचा एचवन व्हिसा मिळतो आणि त्याच्या घरी स्थळांची रांग लागते. एकजण फेब्रुवारी २०००ला २९ दिवस आहेत का यावर वाद घालतो. गंमत म्हणजे ज्याने नुसतं ‘चाराने भाग जातो’ एवढंच लिहिलं त्याचा प्रोग्रॅम बरोबर चालणार आहे. ज्याने शतकाची अट घातली पण चारशेचा अपवाद विसरला, त्याचा चुकणार.

आता शनिवार, १ जानेवारी २०००. तुमच्याकडचं बारा वाजणं रात्रीच होऊन गेलं, केकही कापून झाला. पण विमा कंपनीचं मध्यरात्रीचं घड्याळ इथे सकाळी साडेदहाला वाजतं, म्हणून रात्रभर जागलेले सगळे तांबारलेल्या डोळ्यांनी पडद्यासमोर बसलेत. साडेदहा. पावणेअकरा. एकामागून एक जॉब सुटतात, रिटर्न कोड शून्य. काहीच होत नाही. टाळ्याही कुणी वाजवत नाही, कारण काहीच न होण्याला टाळ्या कशा वाजवायच्या हे कुणालाच माहीत नाही. घरून काकांचा फोन येतो: “बघ, म्हटलं नव्हतं, सगळा बाऊ होता तुमचा!”

पण त्याच दिवशी अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या, म्हणजे देशाला अधिकृत वेळ सांगणाऱ्यांच्याच, वेबसाइटवर वर्ष १९१०० दिसलं. ९९च्या पुढे शंभर, आणि त्याच्या आधी १९ चिकटवलेले.

घरी जायच्या आधी रात्रपाळीचा ओव्हरटाइम भरायला तुम्ही आपल्याच कंपनीची टाइमशीट उघडता. वर्षभर दुसऱ्यांच्या तारखा दुरुस्त केल्यात, पण ही कुणाच्या यादीतच नव्हती. तारखेच्या रकान्यात ०१/०१/१९१००. सबमिट दाबलं की ‘भविष्यातले तास भरता येत नाहीत’.

ॲडमिनचा माणूस जांभई देत म्हणतो, “सोमवारी बघू.”