मधल्या स्पीकरचा वनवास

माणसाला कान दोन, म्हणून स्पीकरही दोन. हे गणित इतकं सरळ दिसतं की ते तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्याचं मूळ १८८१च्या पॅरिसमध्ये आहे. त्या वर्षीच्या विद्युत प्रदर्शनासाठी क्लेमाँ आदेर यानं ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि प्रदर्शनाला आलेल्या लोकांच्या दोन्ही कानांना स्वतंत्र टेलिफोन लावले. गायक रंगमंचावर इकडून तिकडे चालू लागला की ऐकणाऱ्याला ते कळायचं. तिथं दोनाचा हिशेब चोख होता, कारण प्रत्येक तार एकेका कानापाशी येऊन संपत होती. खोलीतल्या स्पीकरचं तसं नसतं. डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो, उजवाही येतो. शिवाय ते ऐकायला एकटा माणूस बसलेला नसतो, सगळं घर बसलेलं असतं. म्हणजे स्पीकर किती हवेत हे कानांच्या संख्येवरून ठरवताच येत नाही, माणसं कुठे कुठे बसली आहेत यावरून ठरवावं लागतं. होम थिएटरच्या संचात टीव्हीखाली आडवा पडलेला मधला स्पीकर पुष्कळांना गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेली जास्तीची वस्तू वाटतो. इतिहास पाहिला तर उलटंच दिसतं: तीन हा मूळ आकडा आहे आणि दोन ही नंतरची तडजोड.

तिनाचा पुरावा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचा. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये वाद्यवृंद वाजत होता आणि तो ऐकायला श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. तिकडे तीन मायक्रोफोन, मधे टेलिफोनच्या तीन लाइनी, इकडे तीन अ‍ॅम्प्लिफायर आणि मंचावर तीन स्पीकर. वाद्यवृंदाचा नेहमीचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या बटणांपाशी बसला होता. छडी दुसऱ्याच्या हाती होती. यामागची कल्पना अशी की रंगमंचासमोर मायक्रोफोनचा अखंड पडदाच टांगावा आणि दुसऱ्या सभागृहात तितक्याच स्पीकरचा पडदा लावावा. हे शक्य नाही, म्हणून कमीत कमी कितीत भागेल याचा शोध सुरू झाला. स्टाइनबर्ग आणि स्नो या संशोधकांनी माणसांना रंगमंचावर जागोजागी उभं करून बोलायला लावलं आणि आवाज कुठून येतोय हे श्रोत्यांकडून नोंदवून घेतलं. दोनच स्पीकर असले की पुढे मध्यभागी उभा असलेला माणूस मागे सरकल्यासारखा वाटे. तिसरा स्पीकर आला की तो बराचसा जागेवर येई.

सिनेमानं हा धडा लगेच उचलला. डिस्नेच्या ‘फँटेझिया’साठी १९४० साली पडद्यामागे तीन चॅनल होते, १९५२च्या सिनेरामात पाच, आणि १९५३च्या ‘द रोब’पासून सिनेमास्कोपमध्ये पुन्हा तीन, शिवाय प्रेक्षागृहासाठी चौथा. संवाद मधल्या स्पीकरमधून, संगीत बाजूच्या दोन्हींतून, ही वाटणी पुढे रूढ झाली. सिनेमाच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे नायकाच्या चेहऱ्याच्या बरोबर मागे स्पीकर ठेवता येतो. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिलिमीटरचा ‘शोले’ पाहणाऱ्यांनी स्टिरिओफोनिक ध्वनी म्हणून जे ऐकलं, ते या घराण्याचं होतं. त्यांच्या घरातल्या रेकॉर्ड प्लेअरच्या स्टिरिओशी त्याचं फक्त नावच जुळत होतं.

मग घरात दोनच का आले? ध्वनिशास्त्रानं तसं सांगितलं म्हणून नव्हे. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच असतात म्हणून. १९३१ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलिननं स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात तबकडीच्या एकाच खाचेत दोन ध्वनी कोरायची युक्ती होती. १९५८च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकड्यांच्या खाचेची प्रत्येक भिंत ४५ अंशांनी कललेली होती. एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. गंमत अशी की त्याच काळात आरसीए आणि मर्क्युरी या कंपन्या स्टुडिओत तीन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रण करत होत्या आणि तबकडी काढताना मधला ट्रॅक दोन्ही बाजूंना वाटून टाकत होत्या. स्पीकर बनवणारा पॉल क्लिप्श दोन्ही चॅनलची बेरीज करून तिसऱ्या स्पीकरला द्या, असं सांगत राहिला. पण त्यासाठी आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर, आणखी एक पेटी आणि दिवाणखान्यातल्या भिंतीचा मधला भाग लागतो, आणि तो भाग सहसा दुसऱ्या कशानं तरी अडवलेला असतो.

यावर स्टिरिओचे चाहते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की दोन स्पीकरमधूनही गायिका अगदी मध्यभागी उभी राहिलेली ऐकू येते. येते, पण एकाच खुर्चीवरून. तिथून उठून डावीकडे सरकलात आणि डावा स्पीकर उजव्यापेक्षा सुमारे ३४ सेंटिमीटरनं जवळ झाला, की त्याचा आवाज एक मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायिका त्या पेटीत जाऊन बसते. आधी पोचलेल्या आवाजाकडे मेंदूचा हा जो ओढा आहे, तो हेल्मुट हासनं १९४९ साली जर्मनीत मोजून मांडला. बरं, त्या एका खुर्चीतही सगळं आलबेल नसतं. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानाला पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, आणि शब्द स्पष्ट कळायला नेमका हाच पट्टा लागतो. संगीत ऐकताना हा तोटा चालून जातो. सोफ्यावर पाच जणांना संवाद समजायचा असेल तर चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की सत्तरच्या दशकात चार स्पीकरचं क्वाड्राफोनिक आलं आणि पडलं. म्हणजे लोकांना दोनच हवे होते. पण क्वाडनं चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले आणि मधली जागा रिकामीच सोडली. आहे त्याच खोलीत पोकळी चौपट केली, असंच म्हणावं लागेल. त्या काळातली टिकणारी गोष्ट एका साध्या जोडणीत होती. डेव्हिड हाफलर या अमेरिकन अभियंत्यानं दाखवलं की मागचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही चॅनलच्या धन टोकांमध्येच जोडला, तर दोन्हीकडे सारखा असलेला आवाज त्यात गप्प होतो आणि फरक तेवढा वाजतो. डॉल्बी स्टिरिओनं हाच बेरीज-वजाबाकीचा खेळ फिल्मच्या दोन प्रकाशीय पट्ट्यांवर खेळला: दोन्हीकडे सारखा तो मध्य, दोन्हीकडे उलटा तो सराउंड. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’नं हे तंत्र घरोघर माहीत करून दिलं. पुढे हेच दोन ट्रॅक व्हिडिओ टेपवर उतरले आणि चार चॅनल कुणाच्या नकळत घरात आले. १९८२च्या डॉल्बी सराउंड यंत्रांनी त्यातला मागचा आवाज सोडवला. मधला मात्र १९८७च्या प्रो लॉजिकनं सोडवला. १९५८ ते १९८७, दोन वनवासांहून वर एक वर्ष.

परतल्यावर त्याला सिंहासन मिळालं नाही. घरातल्या टीव्हीला छिद्रं नसतात, म्हणून तो पडद्यामागून हलून टीव्हीच्या डोक्यावर गेला आणि तिथं पिक्चर ट्यूबचे रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्या चुंबकांना कवच घालावं लागलं. पेटी लहान असणार हे धरून प्रो लॉजिकनं त्याच्या वाट्याचा खोल आवाज बाजूच्या दोघांकडे वळवायची सोय केली. पुढे टीव्ही सपाट झाला, तशी पेटी खाली आली आणि उंची वाचवण्यासाठी आडवी झाली: दोन्ही टोकांना एकेक वूफर, मधे ट्वीटर. समोर बसलेल्याला ती नीट ऐकू येते. बाजूला बसलेल्याकडे मात्र दोन वूफरचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि काही स्वरांवर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मधला स्पीकर हवा होता, त्या सोफ्याच्या टोकांवरच्या माणसांना तो सर्वांत वाईट ऐकू येतो. तीच पेटी उभी केली तर हा दोष बराचसा जातो, पण मग टीव्ही झाकला जातो.