माडी

माडाच्या न उमललेल्या पोयीतून पाझरणारा गोड रस आपोआप आंबून होणारे सौम्य मद्य. ताडाच्या रसापासून होते ती ताडी. रायगड जिल्ह्यात माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धनकडे उतरले की माडांच्या वाड्या लागतात. कोकण किनाऱ्यावर माडी काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाचा.

पोय दोरीने आवळून हलक्या हाताने ठोकतात व तिच्या टोकाचा पातळ काप रोज काढतात. खाली बांधलेल्या मडक्यात रस साठतो. त्यात सुमारे १५ टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाऊन नीरा मिळते. चुना नसेल, तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट झाडावरच कामाला लागते व काही तासांत रस फेसाळतो. मद्यार्क साधारण ४ ते ६ टक्के. आंबूसपणा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. पुढे तिचा शिर्का होऊ लागतो, म्हणून माडी ताजीच प्यायची. जपानमध्ये अशिकागा येथील कोको फार्म ही वायनरी अशाच आपोआप येणाऱ्या रानटी यीस्टवर द्राक्षे आंबवण्यासाठी नावाजली गेली. कोकणात ते कसब पिढ्यान्‌पिढ्या नित्याचे आहे आणि तेवढ्याच आदरास पात्र आहे.

मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याने या व्यवसायावर परवाने व करांचा बोजा वाढला. गोव्यात माडीला सूर म्हणतात. सान्ना या तांदळाच्या वाफवलेल्या पदार्थाचे पीठ परंपरेने तिनेच फुगवतात. क्लोरल हायड्रेट मिसळून माडीच्या नावाने विकले जाणारे पांढरे पाणी जीवघेणे असते. त्याला माडी म्हणू नये.