दिवेलागणीची शाळा

पोलादपूर-महाडकडच्या वाड्यांत दिवेलागणीला हरिपाठ लागतो आणि घरातले लहान मूल आधी टाळाकडे धावते. त्याला अर्थ कुठला कळायला! प्रथम हात ठेका धरतो, मग ध्रुपदाचा शेवटचा शब्द तोंडात येतो, आणि माउलींचे २७ अभंग केव्हा पाठ झाले हे घरच्यांनाही सांगता येत नाही. इकडचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत. त्यामुळे घरातला हरिपाठ पुष्कळदा आजीच्या गळ्यावर चालला. जात्यावरची ओवी तर तिचीच. अक्षरओळख नसलेल्या बाईने नातवंडांना संतांची वाणी दिली ती चालीच्या आधाराने. शब्द गळला की चाल लंगडते आणि चूक आपोआप कळते.

याच नदीकाठची एक घरगुती शाळा मात्र आपल्या कीर्तनांतून फारशी येत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या दक्षिणेला मंडणगड तालुका, त्यातले आंबडवे हे रामजी मालोजी सकपाळांचे मूळ गाव. रामजी लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही होते, आणि पंथाने कबीरपंथी. नोकरी संपल्यावर ते दापोलीला व पुढे साताऱ्याला राहिले. मुलामुलींनी प्रार्थनेला बसलेच पाहिजे, हा घरचा शिरस्ता. कबीराचे दोहे, संतांचे अभंग रोज कानावर पडत आणि पाठ होत. धाकटा भीमराव शाळेत गोणपाटावर, इतरांपासून वेगळा बसे. घरच्या भजनात मात्र तो सगळ्यांच्या बरोबरीने बसे. त्या दोन बैठकांतले अंतर, संतसज्जनहो, आपण मनात धरून ठेवावे.

हाच मुलगा १९२७ च्या मार्चमध्ये महाडला आला. १९ आणि २० तारखेला परिषद झाली आणि हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरणही करण्यात आले. अभंगांच्या या मुलखात हे घडले, ते झाकून पुढे जाता येत नाही. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याच्या शिरोभागी कोणते शब्द होते? ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. सात वर्षांपूर्वीच्या ‘मूकनायक’वर तुकोबांचा अभंग होता. वडिलांच्या भजनाचा त्यात किती वाटा, हे मोजायला माप नाही. पण लहानपणी गळ्यात बसलेली वाणी लढ्याच्या वेळी हाताशी आली असावी, असे मला वाटते. १९५६ साली ते बौद्ध झाले. ती वाट त्यांना का धरावी लागली, हा प्रश्न तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहून आपण वारकऱ्यांनीच स्वतःला विचारायचा.

अशी शाळा आपल्याकडे त्याआधीही होती. चोखोबांना देवळाचे दार बंद, पण घरात काय घडले पाहा: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. कर्ममेळ्याने तर देवाला थेट जाब विचारला. गात शिकलेले मूल गरीब गाय होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा मुलगा वाचावा.

आता वाड्यांतली निम्मी घरे गणपतीला आणि शिमग्यालाच उघडतात. मुले शहरात, आणि हरिपाठ मोबाइलवर लागतो. तोही बरा, नसण्यापेक्षा. पण मोबाइल मुलासाठी थांबत नाही. पोलादपूरजवळच्या एका घरी मी संध्याकाळी बसलो होतो. पाच-सहा वर्षांची नात एका शब्दाला अडली. आजीने शब्द सांगितला नाही. टाळ थांबवला, मागचा चरण पुन्हा धरला आणि तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या वेळी पोरीने तो शब्द आपणच उचलला, आणि इतक्या मोठ्याने म्हटला की पडवीतले कुत्रे उठून बसले.